हिरव्या अक्षरांतला निरोप

नाना,

काल माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. कचेरीत नवी प्रणाली आली आहे, सगळ्या फायली आता तिच्यातूनच फिरणार, म्हणून मुंबईहून एक तरुण अधिकारी शिकवायला आले होते. चांगले होते, नम्र. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, अगदी सोपं आहे, अर्ध्या तासात येईल तुम्हाला." आणि मी म्हणाले, "मला रिटायर व्हायला चारच महिने राहिलेत. मला कशाला शिकवता?" म्हणून झाल्यावर लक्षात आलं की हे मी आधी ऐकलेलं आहे. तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेले आहात, भाकरी वरणात चुरताय आणि मान वर न करता म्हणताय, "माझे आठ म्हैने ऱ्हायलेत. आता मला कायला शिकवायलेत?" तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला तुमची लाज वाटली होती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे खरं आहे. फक्त कळायला फार वर्षं लागतात, आणि तोवर ज्याला सांगायचं तो माणूस राहिलेला नसतो.

मी दमले आहे, नाना. कामाला नाही दमले. काम काय, फायली तेव्हाही होत्या, आताही आहेत. दर चार-पाच वर्षांनी मला येत असलेलं सगळं बिनकामाचं ठरतं आणि नव्यानं श्रीगणेशापासून सुरुवात करायची, याला दमले. जुनं शिकलेलं विसरायलाही कष्ट पडतात, ते कुणी मोजत नाही. माझी मुलगी हसते. म्हणते, "आई, तुझ्या त्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये होतं काय? काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. ना चित्र, ना आवाज." खरंच काही नव्हतं. कलेक्टर कचेरीच्या गच्चीवर एक पांढरी छत्री बसवली होती आणि खाली खोलीत ते यंत्र. इथे मी टाइप केलेलं आकाशात जाऊन दिल्लीला उतरायचं आणि तिथून पुन्हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या कचेरीत. दिवसभरात दहा-बारा संदेश, पेरणीचे आकडे, पावसाचे आकडे, टँकरचे आकडे. संध्याकाळी काम संपलं की विदर्भाच्या टोकावरच्या एका जिल्ह्यातली ऑपरेटर मला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. आज काय भाजी केलीस. उन्हाळा कसा आहे. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही. पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी उत्तर यायचं, एकेक अक्षर करत ओळ उमटायची, आणि मी हनुवटीखाली हात घेऊन वाट बघत बसायची. आता माझ्या फोनवर दिवसाला दोनशे निरोप येतात आणि त्यातल्या एकाचीही मी वाट बघत नाही.

हे तुम्हाला नवीन नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुमच्या तारघरात तुम्हीही तेच करत होतात. मी शाळेतून तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही कानाशी हात धरून त्या टकटकीतून शब्द उचलत असायचात आणि पेन्सिल कागदावर आपोआप चालत असायची. आवाज मोठा यावा म्हणून यंत्रामागे चहापत्तीचा रिकामा डबा उभा केलेला. लाइन मोकळी असली की मनमाडचे एक तारमास्तर तुमच्याशी गप्पा मारायचे. त्यांनाही तुम्ही पाहिलेलं नव्हतं, पण पहिल्या चार ठोक्यांत तुम्ही सांगायचात, "मनमाडवाले बसलेत. आज ताप दिसतोय त्यायला, हात जड पडायलाय." आणि तुमचा तो नियम. समोरच्यानं आकडे परत वाचून दाखवल्याशिवाय आणि पोच दिल्याशिवाय तुम्ही कागदावर वेळ टाकून सही करत नव्हतात. तारेचा पत्ता सापडला नाही, माणूस गाव सोडून गेला, तर तिकडून उलट तार यायची. तुम्ही मला समजावलं होतं, "उलट काई आलं न्हाई म्हंजे पोचली समजायचं. माय, तार केली म्हंजे त्याच्या हातात दिली." हा तुमचा धर्म होता. देवळात तुम्ही वर्षातून दोनदा जायचात.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत घरं जळाली. मी बारा वर्षांची होते. तुम्ही चार दिवस घरी आला नाहीत. तारघरासमोर दोन्हीकडचे लोक येऊन उभे राहत. एकांच्या तारा नाव बदलू नका म्हणून, दुसऱ्यांच्या आमची वस्ती वाचवा म्हणून, आणि तुम्ही दोन्ही त्याच हातानं पाठवत होतात. पाचव्या दिवशी ओळखीतले एक जमीनदार आपल्या घरी आले. आईनं चहा ठेवला. ते म्हणाले, "मास्तर, तुमी त्यायच्या तारा कामून पाठवायलेत? चार दिस मशीन बिगडली म्हणा की. कोन बघायलंय?" तुम्ही म्हणालात, "मशीन बिगडली न्हाई. बिगडली असं मी कसं म्हणू?" ते चहा न पिता उठले. दादाला तुमचा अभिमान वाटायला हवा होता. पण तो कॉलेजात होता, नामांतराच्या बाजूनं सह्या गोळा करत फिरत होता, आणि तुम्ही त्याला घराबाहेर पडायला बंदी केलीत, सरकारी नोकराचं घर आहे म्हणून. तो ओरडला, "तुमच्या तारेला बाजू नाही, म्हणून तुम्हालाही नाही का?" तुम्ही त्याच्या मुस्काटात मारलीत. आयुष्यात एकदाच. पुढं त्याला नोकरी लागली तीही थेट विदर्भात, आणि तो फक्त दिवाळीला येऊ लागला. आई गेली तेव्हा दहा दिवस राहिला. तुम्ही दोघं ओसरीवर बसायचात आणि हवापाण्याचं बोलायचात.

मग तुमच्या तारघरात ती टकटक करायची कळ जाऊन अक्षरांचा पाट असलेलं यंत्र आलं. कुणालाही बोटं आपटता आली की झालं. तुम्हाला शिकायला पाठवायचं ठरलं आणि तुम्ही नाही म्हणालात. मी तुमच्याशी भांडले. मी त्याच वर्षी नोकरीला लागले होते. पहिल्या दिवशी तुम्ही मला मनगटी घड्याळ दिलं होतंत आणि सांगितलं होतंत की प्रत्येक कागदावर वेळ टाकत जा. त्या घड्याळाच्या जोरावर मी तुम्हाला शहाणपण शिकवत होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "किती डाव बदलू, माय? शाळंत गेलो तर उर्दू. अलिफ-बे घटवून घेतलं मास्तरानं, फोक मारून मारून. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज गेलं, उर्दू गेली. मंग मराठी लिव्हायला शिकलो. मंग नौकरीसाठी विंग्रजी. मंग हे टक्का-टक्की. आता हे बी गेलं म्हणायलेत. जाऊ द्या की. त्याच्यासंगट मला बी जाऊ द्या." मला ते सुंभ जळला तरी पीळ न जळण्यासारखं वाटलं. तुम्ही थकलेले होतात. मला हट्ट दिसला.

मी तुम्हाला माझी खोली बघायला आणलं तो दिवस आठवतो का? दुपारची वेळ आहे. दारावर पाटी आहे, चपला बाहेर काढाव्यात. धूळ चालत नसे त्या यंत्राला. तुम्ही चपला काढता, आत डोकावता आणि शिपायाला विचारता, "आत देव बसवलाय का रं?" शिपाई हसतो. मला राग येतो. आत गारवा आहे, परभणीच्या मे महिन्यात तुम्ही असा गारवा कधी अनुभवलेला नाही, आणि तरी तुम्ही उपरणं घट्ट ओढून घेऊन उभे. मी माझ्या विदर्भातल्या मैत्रिणीला लिहिते, माझे वडील आले आहेत. दहा मिनिटांनी उत्तर उमटतं, काकांना नमस्कार. मी तुमच्याकडे बघते. मला वाटलं होतं तुम्ही चकित व्हाल. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ ती ओळ बघितलीत आणि विचारलंत, "ह्यात त्या पोरीचा हात कुटंय?" मी म्हणाले, हात नसतो नाना, अक्षरं सगळ्यांची सारखीच. "मंग वळखायचं कसं?" नाव लिहिलेलं असतं. "बरं. आन् पोचल्याचं कसं कळतं?" मी पडद्यावर बोट ठेवलं, हे बघा, संदेश गेला असं लिहून येतं. तुम्ही म्हणालात, "ते गेल्याचं झालं. मी पोचल्याचं इचारायलोय." तेव्हा मी शिपायासमोर, मोठ्यानं म्हणाले, "नाना, तुमच्या टकटकीचे दिवस संपले. ती कळ आता भंगारात जाणार. उगीच चुका काढू नका." बाहेर जाऊन चपला घातल्यात. भिंतीला हात टेकवून घातल्यात, ते मला काचेतून दिसलं, आणि तरीही मी उठले नाही.

आता जे लिहायचं आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही. दिवाळी होऊन महिना झाला होता. सकाळी दाढी करताना तुमचा उजवा हात खाली पडला आणि तोंड वाकडं झालं. शेजाऱ्यांच्या रिक्षानं तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका वाटत नाही, दोन दिवस जाऊ द्या. तुमची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. तुम्ही म्हणालात, "दादाला तार कर." फोनचा प्रश्नच नव्हता. त्याच्या कचेरीत एकच फोन, आणि तिकडची लाइन आठवडाभर बंद होती. मी निघाले. तारघर वाटेतच होतं. खिडकीत तुमचे जोडीदार काका बसले होते, त्यांना अजून काही कळलं नव्हतं, त्यांनी हात वर केला. मीही केला. आणि पुढे चालत कलेक्टर कचेरीत गेले. दादाची कचेरी माझ्या मैत्रिणीच्या कचेरीच्या आवारातच होती. मी लिहिलं, वडिलांना अर्धांगवायू, भावाला ताबडतोब पाठव. पडद्यावर आलं, संदेश गेला. मी घड्याळात वेळ बघितली, कागदावर टाकली, आणि दवाखान्यात येऊन तुम्हाला म्हणाले, "तार केली."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या हिशेबानं ती त्याच्या हातात पडली होती. मला माहीत नव्हतं की माझी मैत्रीण आदल्या दिवशीच रजेवर गेली होती आणि तिच्या खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन आले, उत्तर नव्हतं. मला वाटलं, दादा निघाला असेल, दीड दिवसाचा प्रवास आहे. तुम्ही विचारलंत, "उलट काई आलं का?" मी म्हणाले, नाही. "मंग पोचली." संध्याकाळी काका आले तेव्हा तुम्ही झोपला होतात. त्यांनी विचारलं, "दादाला कळवलं का?" मी म्हणाले, कळवलंय. तिसऱ्या दिवशी तुम्ही तीनदा विचारलंत. उलट काही आलं का? तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं, नाना. तारच केली नव्हती तर उलट काय येणार? त्या दिवशी दुपारी मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. आता तार करायला गेले तर काकांना कळणार की परवा केलेलीच नव्हती. आणखी एक दिवस वाट बघू म्हटलं. रात्री तुम्ही विचारणं सोडून दिलंत. भिंतीकडं तोंड फिरवून म्हणालात, "राग हाय त्याला अजून. असू दे. त्याला काई बोलू नगस." उजाडायच्या आधी तुम्ही गेलात.

काकांनी स्वतः दादाला तार केली, तुम्ही गेल्याची. ती चार तासांत त्याच्या हातात पडली. तो आला तेव्हा तिसरा दिवस होता, सावडायची वेळ. त्यानं विचारलं, आधी का कळवलं नाही? आणि मी पुन्हा तेच दोन शब्द म्हणाले, "तार केली." तो तसाच तारघरात गेला, मी मागोमाग. त्यानं खिडकीवर हात आपटला, म्हणाला, "मेल्याची तार पोचते आणि आजाराची पोचत नाही? बापानं जन्म घातला तुमच्या या खात्यात!" काकांनी त्या दिवशीचं रजिस्टर काढलं. पानावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली नेलं. मग माझ्याकडं बघितलं. रजिस्टर मिटलं आणि दादाला म्हणाले, "त्या दिशी लाइन खराब होती बाबा. आमच्याकडूनच ऱ्हायली आसंल. माफी कर." जन्मभर एक तार न चुकवलेल्या माणसानं माझी न केलेली तार स्वतःच्या अंगावर घेतली. त्यानंतर ते दिसले की मी रस्ता बदलत असे. त्यांनी मला एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि तेही गेले.

आठवड्यानं माझी मैत्रीण रजेवरून आली आणि तिनं संदेश उघडला. पडद्यावर तिची ओळ उमटली, आज वाचलं गं, माफ कर, त्याला आता सांगते. मी लिहिलं, त्याला काहीच सांगू नकोस, तो संदेश पुसून टाक. तिनं पुसला. तो निरोप मात्र बरोबर पोचला. त्यानंतर आम्ही संध्याकाळी गप्पा मारणं हळूहळू बंद केलं. आणि तरीही, नाना, इतकं सगळं होऊनही मला तो काळा पडदा आठवतो, त्या अक्षरांची वाट बघत बसणं आठवतं, आणि त्याच्यानंतरचं एकही यंत्र मला आवडलेलं नाही. ज्यानं घात केला त्याच्यावर जीव राहावा, याची मला शरम वाटते, पण आहे ते आहे. आता फोनवर निरोपाखाली दोन खुणा उमटल्या की तो पोचला, आणि त्या निळ्या झाल्या की वाचला. तुमचा प्रश्न कुणीतरी इतक्या वर्षांनी ऐकला म्हणायचा.

दादाचं आता वय झालं. गुडघे दुखतात, कमी ऐकू येतं. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. तारखातं कधीच बंद पडलं, तरी बोलता बोलता तो तिथंच गेला. म्हणाला, "नानांनी अख्खी जिंदगी त्या खात्याला दिली आणि त्याच खात्यानं त्यांना मरताना पोराचं तोंड बघू दिलं नाही. काय वाटलं असेल गं त्यांना? राग धरून बसलो असं तर वाटलं नसेल?" मी म्हणाले, नाही रे, त्यांना माहीत होतं तू निघालायस म्हणून. इतकी वर्षं झाली आणि मला अजून लगेच उत्तर सुचतं. फोन ठेवल्यावर ठरवलं की सगळं लिहून काढायचं आणि त्याला पाठवायचं. हे ते लिहिलेलं. पण आता वाचून बघितलं तर यातही मी एक गोष्ट जपूनच लिहिली आहे. त्यामुळे हे दादाला जाणार नाही, आणि तुम्हाला तर कुठल्याच लाइनवरून जाऊ शकत नाही.

लवकर पोचावं म्हणून मी तारघरावरून पुढे गेले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. दादा दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहील आणि मग मी तुमच्या उशाशी वाकून म्हणेन, "बघा नाना, तार न करता आला," असं मला वाटत होतं. तुम्ही तिकडे वाकड्या तोंडानं पडलेले होतात आणि मला तुमच्याशी एक भांडण जिंकायचं होतं. कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढताना मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. मला हसू आलं होतं, नाना.